मोई नदीपलीकडची नोकरी

थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम, पगार डॉलरमध्ये, राहणं-जेवण फुकट. या आमिषाला भुलून निघालेला तरुण बँकॉकला उतरतो. तिथून गाडीनं थायलंडच्या सीमेवरचं माए सोत, मग मोई नदी ओलांडून थेट म्यानमारचा म्यावाडी भाग. उंच भिंती, काटेरी तारा, बंदूकधारी पहारेकरी. पासपोर्ट काढून घेतात आणि पुढ्यात संगणक ठेवतात. कुणाला कसं बोलून फसवायचं, ते लिहून दिलेलं असतं. दिवसाचं टार्गेट चुकलं की मार. सुटायचं तर खंडणी भरा, नाहीतर दुसऱ्या टोळीला विकले जाल.

मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना माए सोतहून परत आणलं.

मानवी तस्करीकडे आपण एखाद्या घरावर कोसळलेलं संकट म्हणून पाहतो. इथे ती देशाच्या सुरक्षेला भिडते. अशाच अड्ड्यांवरून आपल्या लोकांना ‘डिजिटल अरेस्ट’चे, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून धमकावणारे, फोन येतात, आयुष्यभराची पुंजी जाते, आणि त्या पैशावर म्यानमार-थायलंड सीमेवरचे सशस्त्र गट पोसले जातात.

पण सुरक्षेच्या नावाखाली परतलेल्या मुलालाच आरोपी ठरवू नये, हे मला कळकळीनं सांगायचंय. एजंट कोण, पैसे कुठल्या खात्यात गेले, हे तोच सांगू शकतो. दरडावलं तर तो गप्प बसेल.

तुमच्या घरातलं कुणी नोकरीसाठी परदेशी निघालं असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाची नोंदणी तपासा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी देतो म्हणणाऱ्याला पासपोर्ट देऊ नका. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लगेच १९३० क्रमांकावर कळवा.