रात्री येणारी दुरुस्ती



बर्मिंगहॅमच्या ईशान्येला सटन कोल्डफील्ड आहे. तिथल्या मनोऱ्यावरून १७ डिसेंबर १९४९ रोजी बीबीसीचं टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं. लंडनबाहेरचं ते पहिलं टीव्ही केंद्र. त्या काळी टीव्ही एकदा घरात आला की जसा आला तसाच राहायचा. बिघडला तर मेकॅनिक यायचा, मागचं झाकण उघडायचा आणि गेलेला भाग बदलून द्यायचा. पुढे याच मनोऱ्यावरचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण ७ आणि २१ सप्टेंबर २०११ असं दोन टप्प्यांत बंद झालं. ज्यांचा टीव्ही जुना होता त्यांना सेट-टॉप बॉक्स घ्यावाच लागला. हा बॉक्स म्हणजे एक छोटा संगणकच आहे. त्याला चालवणारा जो प्रोग्रॅम आत बसवलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. आता मेकॅनिक घरी न येता बॉक्सची दुरुस्ती होऊ शकते, आणि घरी न येता बॉक्स कायमचा बंदही पाडता येतो. या दोन्ही शक्यता ज्याच्या हातात असतात, त्या नवं फर्मवेअर पाठवणाऱ्या अपडेट सर्व्हरबद्दल मी आज बोलणार आहे.

आधी ही दुरुस्ती हवेतून यायची, काही बॉक्सना अजूनही येते. ब्रिटनच्या फ्रीव्ह्यू सेवेत चॅनलांच्या जोडीने एक अभियांत्रिकी वाहिनी चालते. तिच्यावरून नवं फर्मवेअर पुन्हा पुन्हा, गोल गोल पाठवलं जातं. बॉक्स स्टँडबायवर असला की रात्री तिकडे कान लावतो. आपल्या कंपनीचा क्रमांक आणि आपल्या मॉडेलचा क्रमांक जुळला, तर ते तुकडे गोळा करतो आणि स्वतःत भरून घेतो. ही पद्धत मला फार आवडते, कारण तिला इंटरनेट लागत नाही. छपरावरचा अँटेना पुरतो.

पण मुळात दुरुस्ती तयार करणाराच कोणी उरला नसेल, तर वाहिनी असून काय उपयोग? ऑगस्ट २००८ मध्ये ब्रिटनमधले काही जुने फ्रीव्ह्यू बॉक्स अचानक निकामी झाले. प्रक्षेपणाबरोबर चॅनलांच्या माहितीचा एक तक्ता येत असतो. तो १०२४ बाइटांच्या पुढे गेला आणि दोन तुकड्यांत येऊ लागला. असा तक्ता येऊ शकतो हे प्रमाणकात आधीपासून लिहिलेलं होतं, पण या बॉक्सच्या फर्मवेअरला तो वाचता येईना. माणसांनी रिमोट दाबून पाहिला, रिट्यून करून पाहिलं. दुरुस्ती आली नाही, शेवटी बॉक्स बदलावे लागले. तीच गत अ‍ॅनालॉग बंद होऊन प्रक्षेपण पूर्णपणे डिजिटल झालं तेव्हा अगदी पहिल्या पिढीतल्या काही बॉक्सची झाली. नवी प्रक्षेपणपद्धत त्यांच्या चिपलाच कळत नव्हती. तिथे कुठलंही फर्मवेअर कामी आलं नसतं.

आता पुष्कळ बॉक्स इंटरनेटला जोडलेले असतात आणि कंपनी आपला सर्व्हर उभा करते. फाइल ठेवून देणारा सर्व्हर उभारायला एक दुपार पुरते. आमच्याकडे या कामाला येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगतो की सर्व्हरपासून सुरुवात करू नका, बॉक्स ज्या घरात आहे तिथून करा.

बर्मिंगहॅमजवळ सोलिहलला आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. त्यांच्या बॉक्सवर एक चॅनल उघडत नव्हतं. दुरुस्ती केव्हाच निघाली होती, तरी त्यांच्याकडे ती पोचली नव्हती. ब्रिटनमध्ये भिंतीवरच्या बहुतेक सॉकेटना बटण असतं. काकू झोपायला जाताना ते बंद करायच्या.

“काकू, रात्री हे बटण चालू राहू दे ना.”

“का रे? उगाच मीटर कशाला फिरवायचा? आमच्या सांगलीला सगळी बटणं बंद केल्याशिवाय आम्ही निजत नव्हतो.”

काकूंचं चुकलं असं मला मुळीच म्हणवत नाही. रात्री तीन वाजता बॉक्स जागा असेल असं आम्ही गृहीत धरलं होतं, ते गृहीतक काकूंच्या घरात लागू नव्हतं. म्हणून बॉक्स सुरू झाल्यावरही त्याने सर्व्हरला विचारलं पाहिजे. फाइल अर्धी उतरली असताना बटण बंद झालं, तर दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धीच मागितली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवं फर्मवेअर जुन्यावर लिहायचं नाही. बॉक्सच्या मेमरीत दोन जागा ठेवायच्या. जुनं एका जागी शाबूत राहतं, नवं दुसरीकडे उतरतं, तपासलं जातं, मगच बॉक्स त्यावरून सुरू व्हायला बघतो. दोन-तीनदा प्रयत्न करूनही नीट सुरू झाला नाही, तर आपणहून जुन्याकडे परत जातो. काकूंना यातलं काही कळण्याची गरज नाही. त्यांची मालिका वेळेवर लागली की झालं. मेमरीचे पैसे वाचवण्यासाठी ही दुसरी जागा काढून टाकण्याचा मोह नेहमी होतो. माझा त्याला ठाम विरोध आहे.

दुसरी गोष्ट विश्वासाची. पलीकडून आलेली फाइल खरोखर कंपनीचीच आहे हे बॉक्सने ओळखायचं कसं? फाइलवर डिजिटल सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली बॉक्समध्ये आधीच बसवलेली असते. सही करण्याची किल्ली मात्र सर्व्हरवर कधीही ठेवू नये. सर्व्हर फोडला गेला तरी चोराला खोटी फाइल खरी करता येऊ नये, एवढ्यासाठी ती वेगळ्या, नेटला न जोडलेल्या यंत्रावर ठेवायची.

इथे घड्याळाची एक गंमतशीर वाटणारी, पण जीवघेणी अडचण येते. पुष्कळ बॉक्समध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज आली की त्यांच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडलेला असतो. सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, आजच्या काळातलं, त्यामुळे बॉक्स म्हणतो की हे अजून लागूच झालेलं नाही, आणि दार लावून घेतो. म्हणून आधी प्रक्षेपणातून येणारी वेळ घ्यायची, मगच सर्व्हरकडे जायचं. याच्या उलटही होतं. ३० मे २०२० रोजी अ‍ॅडट्रस्ट या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राची वीस वर्षांची मुदत संपली. जगभरची कित्येक जुनी उपकरणं, ज्यांच्यातली विश्वासाची यादी, म्हणजे कोणती मूळ प्रमाणपत्रं मानायची याची यादी, कधी बदललीच नव्हती, त्या दिवशी आपल्या सर्व्हरशी बोलेनाशी झाली. नवी यादी पाठवायची तर ती त्याच बंद झालेल्या वाटेने पाठवायला हवी होती. मुदत संपण्याआधी वर्ष-दोन वर्षं नवी यादी घरोघर पोचलेली असणं, याला पर्याय नाही.

पाठवतानाही घाई करू नये. आधी शंभरातल्या एका बॉक्सला द्यायचं, दोन-तीन दिवस बघायचं, मग दहांना, मग सगळ्यांना. गर्दीचाही विचार हवा. एखाद्या भागाची वीज जाऊन आली की तिथले सगळे बॉक्स एकाच क्षणी सर्व्हरचं दार ठोठावतात. प्रत्येकाने आपापला थोडा वेळ थांबून मग विचारावं, ही सोय बॉक्समध्येच करावी लागते. हे मी महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. भारतात केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, त्यात पुणे, नागपूर, नाशिक ही शहरं होती. तिथे बॉक्सचं फर्मवेअर केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधून येतं, पण भारनियमनाच्या गावात वीज कधी जाईल हे काही ती कंट्रोल रूम ठरवत नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. नेटला जोडता येणारं उपकरण विकणाऱ्या कंपनीला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ देणार हे जाहीर करावं लागतं. सगळ्या बॉक्सना एकच सोपा पासवर्ड ठेवायलाही मनाई आहे. किती वर्षं द्यायचे हे मात्र कायदा ठरवत नाही, ते सांगायला लावतो. म्हणून बॉक्स घेताना दुकानात ही तारीख विचारा. किंमत आणि चित्राची स्पष्टता विचारतो, तितक्याच हक्काने विचारा.

आणि कंपन्यांसाठी एक मागणी. मुदत संपली की सर्व्हर बंद करतात, खर्च वाचतो. पण बॉक्समध्ये सर्व्हरचा जो पत्ता कोरलेला आहे, त्याचं नाव दरवर्षी पैसे भरून राखावं लागतं. ते सोडून दिलं तर दुसरा कोणीही तेच नाव विकत घेऊ शकतो, आणि घराघरातले बॉक्स रोज त्या परक्या माणसाकडे जाऊन विचारत राहतात. ज्या जुन्या बॉक्समध्ये सहीची पडताळणीच नाही, ते तो देईल ते गिळतील. तेव्हा शेवटचं चांगलं फर्मवेअर त्या पत्त्यावर राहू द्या, आणि कंपनी विकली तर हे नाव राखण्याची जबाबदारी कोणाकडे आणि किती वर्षं, हे विक्रीच्या करारात लिहून घ्या.