उधारीची वही आणि क्यूआर कोड

आमच्या गावातलं तीन पिढ्यांचं किराणा दुकान बंद पडायला आलं होतं. मोठी खरेदी तालुक्याला, इथे नुसती उधारी. पण कुलूप लागलं, तर मजुरीवर जगणाऱ्या बाईला पावशेर डाळ उधार कोण देणार? म्हणून आमच्या गटानं दुकान चालवायला घेतलं.

उधारी ठेवली, पण मागची फिटल्याशिवाय पुढची नाही. माल खपेल तेवढाच भरतो. क्यूआर कोड लावला. रोज रात्री रोख आणि मोबाइलवर आलेले पैसे वहीशी जुळवतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घेतो. गटाच्या शेवया-मसाल्यांच्या पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक छापतो.

तुमच्या गावातही असं दुकान असेल, तर कुलूप लागायच्या आधी गटाच्या बैठकीत त्याचा हिशेब मांडून बघा.