मोळीवाल्या बायांचे रान



रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, हे खरे. पण आज ज्या चित्राविषयी बोलायचे आहे, ते भंडाऱ्याकडच्या माणसाला नुसते ऐकूनही दिसावे असे आहे. हिवाळ्यातली संध्याकाळ. जुने, आडवेतिडवे वाढलेले ओकचे वृक्ष. पाने झडलेली, आणि फांद्यांत फांद्या अशा गुंतलेल्या की आभाळ जणू जाळीतून दिसते. जाळीपलीकडे बुडत्या सूर्याचा तांबडा उजेड, अलीकडे काळोख. पानगळीनंतर कोक्याच्या जंगलात दिवस मावळताना ज्याने पाहिला असेल, त्याला आणखी काय सांगायचे? झाडे तेवढी निराळी. तिथे ओक, आपल्याकडे साग, ऐन नि धावडा.

चित्रकाराचे नाव थेओदोर रूसो. रूसो म्हटले की शिक्षकमंडळींना ‘एमिल’ लिहिणारा तत्त्वज्ञ आठवेल. हा तो नव्हे, बरं का! हा १८१२ साली जन्मला. रोमँटिक वळणाचा चित्रकार. फ्रान्सच्या दरबारी चित्रांत झाडे यायची ती बहुधा देवांच्या नि राजांच्या मागे पडद्यासारखी. या मंडळींनी झाडालाच पुढे आणून उभे केले. पॅरिसपासून सुमारे ६० किलोमीटरवर फाँतेनब्लोचे जंगल आहे. त्याच्या कडेला बार्बिझाँ हे खेडे. तिथे रूसो राहिला. हे चित्र त्याने १८४५-४६ च्या हिवाळ्यात हाती घेतले आणि १८६७ साली तो वारला तोवर अधूनमधून त्यावर काम करीतच होता. वीस वर्षे! जन्मात विकले नाही. साडेआठ फूट रुंदीचे ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

चित्र शांत आहे. जंगल मात्र तेव्हा शांत नव्हते. जुने वृक्ष तोडून पाइनची लागवड चालली होती. रूसोने १८५२ मध्ये सरकारकडे गाऱ्हाणे नेले. पुढच्याच वर्षी सुमारे ६२४ हेक्टर रान तोडीतून वगळले गेले, आणि १८६१ च्या हुकुमाने ते सुमारे १,१०० हेक्टर झाले. अमेरिकेचे यलोस्टोन उद्यान १८७२ चे, म्हणजे यानंतरचे. चित्रकारांच्या डोळ्यांसाठी राखलेले रान!

आता त्या चित्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. त्या प्रचंड वृक्षांच्या पायथ्याशी सरपणाच्या भाराने वाकलेल्या बाया आहेत. इतक्या लहान, की प्रथम नजरेत येतच नाहीत.

आपल्याकडे नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कोका अभयारण्य २०१३ चे, आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पही झाला. वाघ राहिला पाहिजे, यात वाद नाही. पण रान राखायचे म्हणून नकाशा काढायला बसले की डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी आणणारी बाई सहज पुसली जाते. काल ती रानातली होती, आज गुन्हेगार ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदूपत्ता, बांबू यांवरचा रानातल्या माणसांचा हक्क मानला, तो पुष्कळ उशिरा. रूसोने झाडांपुढे बाईला लहान केले खरे, पण पुसले नाही. त्याचे रान तिच्यासकट शांत आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, जंगल काढा म्हटले की मुले दोन डोंगर, मधे सूर्य आणि चार झाडे काढतात. माणूस त्यात क्वचितच असतो. हे चित्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. ते मोठे करून वर्गात दाखवावे, आणि काहीही न सांगता एवढेच विचारावे, की या रानात कोण कोण आहे? ज्यांच्या घरी मोळी येते ती पोरे त्या बाया आधी शोधतील, असा माझा अंदाज आहे. मग ओझे केवढे असते, किती लांब जावे लागते, वाटेत काय भेटते, हे त्यांनाच सांगू द्यावे.