घरकुलाची यादी आणि परगावी गेलेला गवंडी

विद्यानगरच्या रेल्वे स्थानकावरून काचीगुड्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून नांदेड-परभणीकडची माणसे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. निजामी अमदानीत हे शहर त्यांच्याच राज्याची राजधानी होते. १९५६ साली राज्ये निराळी झाली, तरी वाट मोडली नाही. एके काळी शिक्षणासाठी विद्यार्थी येत. आता सुगी आटोपली की गवंडी येतो, बिगारी येतो, त्यांच्यामागून त्यांच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन येतात. दुसऱ्याच्या भिंतीला गिलावा करणाऱ्या या माणसाचे गावाकडचे घर मात्र मातीच्या भिंतींचे आणि पत्र्याचे असते. सरकारी घरकुलास याच्याइतका पात्र कोण, असे कोणीही विचारील. पण पात्र असणे आणि यादीत असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

खेड्यातील घरांसाठी सरकारने हात पुढे केला तो प्रथम कर्जाच्या रूपाने. १९५७ ची ग्रामीण गृहनिर्माण योजना कर्जाचीच होती. ज्याच्यापाशी तारण ठेवावयास काही नाही, त्याला कर्जाचा काय उपयोग? १९८५ मध्ये आलेल्या इंदिरा आवास योजनेने अनुदानाचा मार्ग धरला, आणि २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. त्या वेळी मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे, अशी अट घातली गेली. कमी पडल्यास बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज घेण्याची मुभाही ठेवली. अमेरिकेने १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यापासून ग्रामीण घरांसाठी जी व्यवस्था उभारली, तीत पुढे निराळाच विचार आला. तेथे कर्ज सावकारी पेढी देते आणि सरकार तिला नव्वद टक्क्यांपर्यंत हमी देते. ऋणकोला नियमित उत्पन्न दाखवावे लागते. आपल्या मजुराचे उत्पन्न पावसाबरोबर येते-जाते. त्यास ही व्यवस्था मानवणार नाही, हे उघड आहे.

आता पात्रतेकडे वळू. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून बेघर आणि कच्च्या घरांत राहणारी कुटुंबे निवडली गेली, व त्यांतून काहींना वगळण्याच्या अटी लावल्या. दारात दुचाकी असेल तर नाव बाद, घरात शीतकपाट असेल तर बाद, तारेचा दूरध्वनी असेल तरी बाद! जुन्या फटफटीवर बसून दहा कोस मजुरीला जाणारा माणूस श्रीमंत कसा ठरतो, हे कोडे बरीच वर्षे सुटले नाही. २०२४ मध्ये या अटी तेरावरून दहावर आल्या, दुचाकी आणि शीतकपाट त्यांतून गळाले, आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. हे उशिरा सुचलेले शहाणपण असले तरी स्वागतार्ह आहे.

खरी अडचण अन्यत्र आहे. पाहणी करणारा दारात येतो तेव्हा दाराला कुलूप असते. घरधनी विद्यानगरात कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतीत असतो. शेजारी म्हणतात, ‘ते हैदराबादला राहतात.’ एवढ्यावरच नोंद राहून जाते. यादी ग्रामसभेपुढे वाचली जाते, हरकत घेता येते, जिल्ह्याच्या पातळीवर अपीलही करता येते. पण हे सारे गावात हजर असणाऱ्यासाठी. म्हणून परगावी जाणाऱ्याने निदान ग्रामसभेची तारीख कळेल अशी सोय करून जावे. घरातील वडीलधाऱ्या माणसापाशी आधार कार्डाची व बँकेच्या पासबुकाची प्रत ठेवावी आणि पाहणीच्या वेळी तिने अगर त्याने कुटुंबाची माहिती द्यावी, हे अगोदर बोलून ठेवावे.

नाव लागले तरी जागेचा प्रश्न उरतो. भावाभावांत न वाटलेले घर, आजोबांच्या नावावर राहिलेला उतारा, गायरानातील झोपडी, अशी किती प्रकरणे सांगावीत! ज्याच्या नावे जागाच नाही त्याला ती विकत घेण्यासाठी महाराष्ट्रात दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची स्वतंत्र साहाय्य योजना आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते.

मंजुरी पतिपत्नीच्या संयुक्त नावे किंवा पत्नीच्या नावे होते, हे या योजनेतील फार मोलाचे कलम. हप्ते खात्यात जमा होतात. परंतु पुढचा हप्ता बांधकामाचे छायाचित्र पाहूनच मिळतो. पाया भरला नाही तर पैसा थांबतो. तेव्हा पत्नी गावी परतते, जोते भरून घेते, विटांचा हिशेब ठेवते, आणि नवऱ्याने शहरातून पाठविलेल्या मजुरीतून गावातल्याच दुसऱ्या एका गवंड्याची रोजी चुकविते.