उघड्यावरची रात्र कोणाची?

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'अमेरिकेतल्या बायका आणि जंगल' असा विषय मला दिला गेला, तेव्हा मी संयोजक मैत्रिणींना म्हटलं, अमेरिका केवढी, बायका किती परींच्या, मी बोलू तरी कशावर? म्हणून विषय मीच लहान करून घेतला. मी गेली बावीस वर्षं मिसूरी राज्यात, सेंट लुईस शहराजवळ राहते. तिथे सरकारी संरक्षित जमिनीवर कुणालाही तंबू ठोकून फुकट रात्र काढता येते. एवढ्याच एका गोष्टीबद्दल मी बोलणार आहे. ऐकायला हा सहलीचा विषय वाटेल. पण बाईची रात्र, बाईचं घर आणि जमिनीची मालकी हे आपले तिन्ही जुने प्रश्न त्यात आहेत.

आधी ही सोय काय आहे ते सांगते. मिसूरीत 'कॉन्झर्व्हेशन एरिया' म्हणून राखलेल्या जमिनी आहेत: जंगल, माळ, नदीकाठ, पाणथळ. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी मुक्कामाला परवानगी असते. भाडं नाही. पण नळ, दिवा, बहुतेक ठिकाणी संडासही नाही. याला तिथे 'प्रिमिटिव्ह कॅम्पिंग' म्हणतात, म्हणजे 'आदिम' पद्धतीने राहणं. झऱ्याचं पाणी उकळून पिणं, तीन दगडांवर भात शिजवणं आणि जमिनीवर निजणं हे ज्यांना 'आदिम' वाटतं, त्यांचं घर कसलं असेल ते ओळखा! आपल्या निम्म्या बाया रोज हेच करतात, त्याला कुणी नाव ठेवत नाही आणि फोटोही काढत नाही.

राज्याच्या जमिनींशिवाय केंद्र सरकारच्या जमिनी वेगळ्या. राष्ट्रीय वनं सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, आणि भूव्यवस्थापन खात्याकडची जमीन सुमारे साडेचोवीस कोटी एकर. दोन्ही मिळून पाच महाराष्ट्र मावतील आणि वर जागा उरेल. त्यांच्याही बऱ्याच भागात फुकट राहता येतं. सर्वसाधारण नियम असा, की एका जागी चौदा दिवस. मग उठायचं. हे चौदा दिवस लक्षात ठेवा, मी परत त्यांच्याकडे येणार आहे.

आता ही जमीन टिकली कशी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मिसूरीतल्या ओझार्क डोंगरांतली पाईनची जंगलं लाकूड कंपन्यांनी तोडून नेली होती. १९२५ च्या सुमारास सगळ्या राज्यात जेमतेम चारशे हरणं उरल्याचा अंदाज होता. १९३६ मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि जंगल आणि प्राणी यांचा कारभार एका स्वतंत्र आयोगाकडे दिला. १९७६ मध्ये परत मतदान झालं आणि लोकांनी स्वतःवर एक विक्रीकर लावून घेतला, एक टक्क्याचा आठवा भाग. म्हणजे आठशे डॉलरची खरेदी केली की एक डॉलर जंगलाला.

हा कर कोण भरतं? विक्रीकर श्रीमंत-गरीब बघत नाही. हॉटेलात खोल्या झाडणारी बाई मीठ घेते, साबण घेते, त्या प्रत्येक पावतीतून चिमूटभर पैसे त्या जमिनीला जातात. त्यामुळे 'फुकट' हा शब्द मला पटत नाही. तिने पैसे आधीच भरलेले आहेत. प्रश्न एवढाच, की ती तिथे कधी जाते का?

बहुधा नाही. वेळ नाही, गाडी नाही, सुटी नाही, हे तर आहेच. पण त्याहून मोठं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आम्ही चौघी-पाचजणी, दोघी मराठी, एक मेक्सिकन, दोघी तिथल्याच, वर्षातून तीन-चारदा रात्रीच्या मुक्कामाला जातो. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, "बरोबर कुणी नाही?" आम्ही पाचजणी असतो तरी 'कुणी' नसतं!

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी जंगलात तंबू ठोकून राहिलेल्या दोन मैत्रिणींवर एका पुरुषाने गोळ्या झाडल्या. एक गेली, दुसरी जखमी अवस्थेत चालत मदतीपर्यंत पोचली. दोघी एकमेकींच्या जोडीदार होत्या. १९९६ मध्ये व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात अशाच दोघींचा त्यांच्या मुक्कामाच्या जागी खून झाला. तो कुणी केला हे कळायला २०२४ साल उजाडावं लागलं. डीएनए चाचणीतून निघालेला माणूस बलात्काराच्या गुन्ह्यांतला कैदी होता, आणि २०१८ मध्येच तुरुंगात मेला होता.

हे सगळं मनात ठेवूनच आम्ही जातो. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे ५१,१०० बायका-मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसांच्या हातून मारल्या गेल्या. रोज एकशे चाळीस. तरी 'रात्री घरी कशाला राहतेस, भीती नाही वाटत?' असं बाईला कुणी विचारत नाही.

एमा गेटवुड ही ओहायो राज्यातली शेतकरी बाई. अकरा मुलं. नवरा इतका मारायचा, की ती घराबाहेर पळून रानात जाऊन बसायची. रान हीच तिची सुरक्षित जागा. तीस वर्षांहून जास्त संसार केल्यावर तिने घटस्फोट घेतला. १९५५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ती जॉर्जियापासून मेनपर्यंतची अपालाचियन पायवाट एकटी चालून गेली. सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, आणि तंबूऐवजी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. मुलांना सांगितलं, जरा चालायला जाते. ही वाट एका दमात एकटीने पुरी करणारी ती पहिली बाई. दोन वर्षांनी ती परत चालली. तिला मी 'धाडसी आजी' म्हणून तुमच्यापुढे ठेवत नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला रात्री बाहेर पडता येईल अशी एक जागा असली की काय होतं, ते तिच्याकडे पाहून कळतं.

आता व्यवहाराचं बोलू, कारण जेवताना तुम्ही मला हेच विचारलंत. शेकोटीला पडलेलं, वाळलेलं लाकूडच घ्यायचं, उभ्या झाडाला हात लावायचा नाही. घरून लाकूड न्यायचं नाही, त्यातून कीड पसरते. निघताना शेकोटीवर पाणी ओतायचं, ढवळायचं आणि राखेला हात लावून बघायचं, हात भाजत नसेल तरच निघायचं. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. संडाससाठी पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, वीतभर खोल खड्डा खणायचा, नंतर मातीने बुजवायचा. पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण सहलीच्या पुस्तकांतून हे गाळलेलं असतं आणि पोरी पाळीच्या दिवसांत घरी बसतात. दिवसभर पाणी न पिणं, लघवी दाबून ठेवणं हे २०११ पासून 'राइट टू पी'चं काम करणाऱ्या मैत्रिणींना काही नवं नाही. जंगलात फरक एवढाच, की तिथे आडोसा भरपूर असतो आणि बघणारं कुणी नसतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा रात्री दोन वाजता एकटीने तंबूबाहेर येऊन नुसतं आभाळ पाहिलं. म्हणाल्या, 'रात्री इतके तारे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.'

इथपर्यंत सगळं छान आहे. आता अवघड भाग.

मी तिथे मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठीच्या एका निवाऱ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी काम करते. तिथे आलेल्या एका बाईने सांगितलेली हकिगत. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा कुठल्याच निवाऱ्यात जागा नव्हती. दोन मुलांना घेऊन ती गाडीत झोपायची. शहरात पोलीस काचेवर टकटक करून उठवायचे. मग कुणीतरी तिला एका सरकारी जंगलाचा पत्ता दिला. तिसऱ्या दिवशी रखवालदार आला. त्याने विचारलं, "कॅम्पिंग करताय का?" तिने मुलांच्या खेळण्यातला तंबू दाखवला आणि हो म्हणाली. तो म्हणाला, "मग ठीक आहे, चौदा दिवस." ते चौदा दिवस ती सहलीला आलेली होती. पंधराव्या दिवशी ती बेघर झाली. बाई तीच, मुलं तीच, जमीन तीच.

ही एकटीची गोष्ट नाही. २०२२ मध्ये मिसूरीच्या विधिमंडळाने कायदा केला, की सरकारी मालकीच्या जमिनीवर परवानगीशिवाय झोपणं किंवा मुक्काम करणं हा गुन्हा. १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पण कारण काय? एकाच विधेयकात दोन वेगळे विषय कोंबले होते म्हणून. झोपण्याचा हक्क कुणी मान्य केला नाही. मग जून २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की राहायला जागा नसलेल्यांनाही उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करता येईल. म्हणजे घर असलेल्या बाईने बाहेर झोपणं ही सुटी, आणि घर नसलेल्या बाईने झोपणं हा गुन्हा.

त्याच ओझार्कच्या भागातून १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकी लोकांना हाकलत नेलं होतं. सुमारे सोळा हजार माणसं आपल्या मुलखातून उठवली गेली. त्यांत चार हजारांच्या आसपास मेली असं धरलं जातं. बाळंतिणी, म्हाताऱ्या बर्फात उघड्यावर निजल्या. त्याआधी ओसेज लोकांकडून करार करून घेऊन १८२५ पर्यंत तो मुलूख काढून घेतला होता. आज जिला आपण 'सर्वांची जमीन' म्हणतो, ती आधी कुणाची तरी होती. मी तिथे तंबू ठोकते तेव्हा हे विसरू शकत नाही.

हे आपल्याला नवं आहे का? आपल्याकडे पालं ठोकणाऱ्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावाबाहेर पाल पडलं की पाटलाला आणि पोलिसाला कळवणं आणि सांगतील तेव्हा पाल उचलणं काही लगेच थांबलं नाही. मुंबईच्या फुटपाथवरल्यांच्या खटल्यात १९८५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं म्हटलं, आणि तरीही नोटीस देऊन उठवायला परवानगी दिली. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईला वनरक्षक अडवतो आणि त्याच जंगलात रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी शेकोटी पेटते, हेही आपण पाहतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि मेंढा-लेखासारख्या गावांनी निदान दाखवून दिलं, की जंगल राखणारे आणि जंगलात राहणारे एकच असू शकतात.

मग काय करायचं? तिथली नक्कल इथे करा असं मी म्हणत नाही. इथले कायदे वेगळे, वाघ-बिबटे वेगळे. पण दोन गोष्टी सुचवते.

एक, आपल्या शिबिरांत एक रात्र उघड्यावरची ठेवा. गावाच्या माळावर, ग्रामसभेला विचारून, गावातल्याच बायकांना बरोबर घेऊन. रात्री बाहेर बसण्याची सवय भाषणाने लागत नाही, बसूनच लागते.

दोन, 'बायकांना रात्र हवी' अशी मागणी करताना, जिच्यापाशी रात्रीशिवाय दुसरं काही नाही तिला त्या मागणीत धरा. पुलाखालची, पालातली, एसटी स्टँडवरची. आपल्यापुरती सुरक्षित रात्र मागितली, तर पोलीस येऊन पहिलं उठवतील ते तिलाच, आणि वर सांगतील की तुमच्यासाठीच केलं.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांनी कधी एकटीने उघड्यावर रात्र काढली आहे, हौसेने किंवा नाइलाजाने, त्यांनी आधी बोलावं. मला ऐकायचं आहे.