बिबट्याला लांब नेऊन सोडलं की काय होतं?

आजचा विषय आपल्या मागच्या अंगणातला आहे. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि तिथला बिबट्या.

सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचा व्हिडिओ येतो. रात्री दोन वाजता पार्किंगमधून बिबट्या आरामात चालत जातोय, वॉचमन केबिनमध्ये दार लावून बसलाय. खाली पन्नास मेसेज, आणि त्यात एक ठरलेला: "फॉरेस्टवाले याला पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत?"

तर मंडळी, हे करून झालंय. दोन हजारच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्रास पिंजरे लागायचे. इकडचा बिबट्या तिकडे, तिकडचा इकडे. बाहेर पकडलेले काही बिबटे आपल्या पार्कातही आणून सोडले गेले. आणि 2004 चा जून आठवतोय का? तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा पाळण्यात असाल, घरच्यांना विचारा. त्या एका महिन्यात पार्काच्या आसपास दहाच्या घरात माणसं गेली.

असं का झालं असावं, याचा अंदाज जुन्नरच्या अभ्यासातून आला. विद्या अत्रेय यांनी तिथले बिबटे अनेक वर्षं पाहिले. त्यांना दिसलं की पकडलेले बिबटे जिथे नेऊन सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. विचार करा, अनोळखी जागा, पिंजऱ्यातला ताण, आणि तिथे आधीच दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दी ठरलेल्या. शिवाय इथली रिकामी झालेली हद्द रिकामी राहत नाही. एखादा तरुण नर येऊन ती घेतो, आणि त्याला इथल्या माणसांच्या वेळा माहीत नसतात.

'आजोबा' नावाचा मराठी सिनेमा आला होता 2014 ला, उर्मिला मातोंडकरचा. तो आजोबा खरा होता. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला नर. त्याला काढून, कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. गडी तिथून निघाला तो कसारा, महामार्ग, वसईची खाडी असं सगळं पार करत सुमारे 120 किलोमीटर चालून थेट आपल्या नॅशनल पार्कात! आता सांगा, "लांब" म्हणजे नक्की किती लांब?

मग पार्काने काय केलं? 2011 मध्ये सुनील लिमये संचालक असताना 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, संशोधक, पोलीस, पत्रकार आणि आपल्यासारखे रहिवासी एकत्र आले. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही वाटते, की काम जंगलाच्या आत कमी आणि भिंतीबाहेर जास्त होतं. कचरा उघडा पडला की कुत्रे आणि डुकरं येतात, आणि त्यांच्या मागे बिबट्या. जंगलात चितळ, सांबर आहेत, तरी त्याच्या जेवणात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे बिबट्याचं व्यवस्थापन बऱ्याच अंशी कचऱ्याच्या गाडीचं व्यवस्थापन आहे. ऐकायला बोअर आहे, पण आहे.

कॅमेरा ट्रॅपमध्ये प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून मोजणी होते. 2015 मध्ये 35 बिबटे निघाले, 2018 मध्ये 47. पार्क जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं, आणि चारी बाजूंनी आपण.

पण एक गोष्ट मला खटकते. बाराव्या मजल्यावरून "वॉव, लेपर्ड!" म्हणणं सोपं आहे. आरेच्या पाड्यांवर जिथे रस्त्यावर दिवा नाही, संडास घरापासून लांब आहे, तिथे याची किंमत वेगळी पडते. 2022 च्या दिवाळीत, पहाटेच्या अंधारात, आरेत दीड वर्षाचीही नसलेली एक मुलगी बिबट्याने नेली. तिच्या आईला कोण सांगणार सहजीवनाच्या गोष्टी? त्यानंतर पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले, आणि अशा वेळी ते करावंच लागतं. या पाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला मानतात. म्हणून त्यांना दिवे आणि संडास नकोत, असं थोडंच आहे? पार्काच्या बजेटमध्ये नसतील, तर महापालिकेच्या असायला हवेत.

आता दुसरी काळजी. छोटी संख्या एकाच जागी अडकली की धोका वाढतो. जावा बेटावरचे गेंडे बघा, जगात शंभरहून कमी, आणि सगळे उजुंग कुलोन या एकाच उद्यानात. एक साथ आली, एक त्सुनामी आली, तर संपलं. आपला बिबट्या तितका दुर्मीळ नाही, पण पार्काचं बेट झालं की जवळच्या नात्यांतच पिल्लं होत राहणार. उत्तरेला तुंगारेश्वरचं जंगल आहे, आणि मध्ये घोडबंदर रोड, रेल्वे, हायवे. आजोबा कसा गेला माहितीये? डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीने उडवला. कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली. शेकडो गाड्यांमधून वाट काढत इतकी वर्षं जगलेला प्राणी! त्या रस्त्यांवर प्राण्यांना नीट पलीकडे जाता येईल अशी वाट हवी, हे मागणं काही फार मोठं नाही.

बरं, शेवटी कामाचं. बिबट्या दिसला तर त्याच्यामागे मोबाइल घेऊन धावू नका, गर्दी करू नका, त्याला निघायला वाट ठेवा. लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका. वनखात्याची हेल्पलाइन आहे 1926. आत्ताच सेव्ह करा, आणि तुमच्या वॉचमनकाकांच्या फोनमध्येही करून द्या.