प्रसिद्धी आणि खप : एका छोट्या ॲपच्या निमित्ताने



संस्थेच्या वार्षिक समारंभात मी जे बोललो तेच येथे देत आहे. बोलताना हातवाऱ्यांनी निभावते, छापताना निभावत नाही. म्हणून काही वाक्ये नीट करून घेतली आहेत, इतकेच.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतून हल्ली मोबाईलचे ॲप तयार करणारी मुले निघू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ॲप तयार झाले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, पेपरात बातमी येईल ना? एकदा फोटो छापून आला म्हणजे खप होईल." या प्रश्नाला हसू नये. मुलाने अभ्यास सांभाळून सहा-आठ महिने त्यात घातलेले असतात, अब्बांनी लॅपटॉपचे हप्ते भरलेले असतात. त्याचे काही मोल व्हावे असे घरच्यांना वाटणारच. तेव्हा बातमीने खप होतो काय, आणि झाला तर किती दिवस टिकतो, हे आपण हिशेबाने पाहू.

प्रथम हे दुकान कसे चालते ते समजून घ्या. ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. आज तेथे लाखोंची गर्दी आहे, आणि गूगलच्या प्ले स्टोअरमध्येही तीच स्थिती. विक्रीतला हिस्सा दुकानदार घेतो. पूर्वी तो सर्वसाधारणपणे शेकडा ३० असे. २०२१ पासून छोट्या उत्पादकांसाठी शेकडा १५ वर आणला गेला. या दुकानात क्रमवारीची एक पाटी असते. थोड्या वेळात ज्याची उचल जास्त ते वर सरकते, आणि वर दिसते म्हणून आणखी लोक ते घेतात. बातमीचा खरा उपयोग येथे आहे. एकाच दिवशी तिने पुष्कळ माणसे दुकानात आणली तर ॲप पाटीवर चढते. तेवढीच माणसे वर्षभर रोज दोन-चार करून आली तर पाटीला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आता आपल्या वर्तमानपत्राचे पाहा. सकाळी चहाबरोबर बातमी वाचली, पोराचे कौतुक केले. पुढे वाचणाऱ्याने नाव लक्षात ठेवायचे, मोबाईल उघडायचा, ते नाव बिनचूक टाईप करायचे, सारख्या नावांच्या दहा ॲप्समधून नेमके ओळखायचे आणि मग पैसे द्यायचे. दर पायरीला माणसे गळतात. शिवाय जिल्ह्याच्या पानावरची बातमी आवडीने वाचतात कोण? आप्तेष्ट, शेजारी आणि आपण शिक्षक. आपण अभिनंदन करतो, ॲप घेत नाही. सभेत या वाक्याला हशा झाला, पण पुढच्या रांगेतले काही जण हसले नाहीत हेही मी पाहिले.

विक्रीचे आकडे उघडपणे सांगणारे फार थोडे असतात. लंडनच्या असटू या कंपनीने मात्र आपल्या मॉन्युमेंट व्हॅली या खेळाचे आकडे जाहीर केले. कोडी सोडवण्याचा हा खेळ मुख्यतः आठ जणांच्या चमूने ५५ आठवडे खपून केला. खर्च ८ लाख ५२ हजार डॉलर. म्हणजे आपल्या मुलांच्या मानाने ही मोठी मंडळी. ३ एप्रिल २०१४ रोजी तो ३.९९ डॉलर किमतीला बाजारात आला आणि त्या एका दिवशी १,४५,५३० डॉलर जमा झाले. पहिल्या वर्षातला तोच त्यांचा सर्वांत मोठा दिवस. ॲपलने आपल्या दुकानाच्या दर्शनी जागी तो मांडला होता हे येथे ध्यानात घ्यावे. त्या जागी पाहणारा माणूस आधीच दुकानात उभा असतो, त्याच्या हाताशी पैसे असतात. मधल्या पायऱ्याच नाहीत. नंतर उचल खाली आली, जशी सर्वांचीच येते.

पुढे २७ फेब्रुवारी २०१५ रोजी नेटफ्लिक्सवर हाऊस ऑफ कार्ड्स या मालिकेचे तिसरे पर्व आले. त्यात अमेरिकेचा अध्यक्ष हाच खेळ हातात घेऊन बसलेला दाखवला आहे. जवळजवळ वर्षभर जुना झालेला खेळ, पण विक्रीची रेघ पुन्हा उसळली. मात्र अशी उसळी कोणाला पुरते? ज्याच्याजवळ आधीपासून चांगला माल तयार आहे त्याला. जानेवारी २०१५ पर्यंतच या खेळाच्या २४ लाखांवर प्रती विकल्या गेल्या होत्या आणि ५८ लाख डॉलरवर उत्पन्न आले होते. मालिकेने भर घातली, पाया घातला नाही.

याच कंपनीने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपण कान देऊन ऐकावी. अँड्रॉइडच्या यंत्रांवर बसवलेल्या दर शंभर प्रतींपैकी फक्त पाच प्रतींचे पैसे मिळालेले होते, आयफोन-आयपॅडवर चाळीसांचे. एकदा विकत घेऊन दोन-तीन यंत्रांवर बसवणारेही त्यात आहेत, सगळेच काही चोर नव्हेत. तरी आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडच असतो. नाव गाजले म्हणजे यंत्रे वाढतात, पैसे त्याच प्रमाणात वाढत नाहीत.

प्रसिद्धी कधीकधी भलत्याच दारात गिऱ्हाईक नेऊन उभे करते. जॉश वॉर्डल या गृहस्थाने वर्डल हा शब्दांचा खेळ केला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो ९० जण खेळत होते. २ जानेवारी २०२२ रोजी ३ लाख. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख आला आणि जिकडेतिकडे तेच नाव झाले. परंतु हा खेळ संकेतस्थळावर फुकट होता, दुकानात नव्हताच! लोक मात्र सवयीने दुकानात शिरून 'वर्डल' शोधू लागले. तेथे त्याच नावाचा दुसराच एक खेळ पडून होता. एका अमेरिकन तरुणाने तो काही वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी, हात बसावा म्हणून केला होता आणि पुढे त्याकडे पाहणेही सोडले होते. त्याला एका आठवड्यात दोन लाखांवर डाउनलोड आले. प्रथम त्याला काही उलगडा होईना. उलगडा झाल्यावर त्याने स्वतः वॉर्डल यांना कळवले आणि त्यातून येणारा पैसा ओकलंडमधील मुलांना शिकवणी देणाऱ्या एका संस्थेस द्यावा असे दोघांनी ठरवले. त्याच दिवसांत दुसऱ्या काहींनी हुबेहूब नकला करून विकायला ठेवल्या. त्या ॲपलला काढून टाकाव्या लागल्या. एकाच बातमीचे हे दोन वारसदार, आणि मूळ खेळाने तोवर दुकानात एक पैसाही मिळवलेला नव्हता. जानेवारीअखेर न्यूयॉर्क टाइम्सने तो वॉर्डल यांच्याकडून विकत घेतला, ही पुढची गोष्ट.

आपल्या देशातले उदाहरण तर आपल्याच पेशातले आहे. राजस्थानात अलवरच्या सरकारी संस्कृत शाळेत गणित शिकवणारे इम्रान खान यांचे नाव १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान मोदींनी लंडनच्या वेम्बली मैदानावरील भाषणात घेतले. एका रात्रीत हे शिक्षक देशाला माहीत झाले. फोनची रीघ लागली, सरकारी दूरसंचार कंपनीचे फुकट इंटरनेट देऊ झाले. पण जरा मागे जाऊन पाहा. संगणकाची पदवी नसताना, भावाच्या पुस्तकांवरून शिकून त्यांनी तोवर पन्नासावर शैक्षणिक ॲप्स तयार करून ठेवली होती, तीही विनामूल्य. नाव ऐकून जो शोधायला गेला त्याला रिकामे दुकान दिसले नाही. त्यांनी किंमत लावली असती तर काय झाले असते, या वादात मी पडत नाही. मुलांसाठीच्या ॲपला किंमत असू नये असे माझे मत नाही. रात्री जागणाऱ्याला त्याचे दाम मिळावे.

म्हणून पालकांना माझे सांगणे एवढेच. बातमीसाठी घाई करू नका, आणि बातमीसाठी पैसे तर मुळीच देऊ नका. आधी वर्गातल्या चाळीस मुलांच्या हाती ॲप द्या, चुका निघतील त्या दुरुस्त होऊ द्या. नाव असे ठेवा की ऐकणाऱ्याला पहिल्याच खेपेस टाईप करता येईल, आणि त्या नावाचे दुसरे काही दुकानात नाही ना हे पाहून घ्या. छापणाऱ्याला विनंती करून बातमीखाली चौकटीचा क्यूआर कोड टाकून घ्या. मधल्या दोन-तीन पायऱ्या तेथेच वाचतात. किंमत ठेवायची की पहिला भाग फुकट देऊन पुढचा विकायचा, हे बातमीच्या आदल्या दिवसापर्यंत ठरलेले असावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, बातमीआधीचे आठ दिवस व नंतरचे तीस दिवस रोजचा डाउनलोडचा आकडा आणि आलेले पैसे एका साध्या वहीत मांडा. आपल्या जिल्ह्यातले असे खरे आकडे माझ्या पाहण्यात नाहीत. ज्याची वही पूर्ण होईल त्याने ती मला आणून द्यावी. पुढच्या स्मरणिकेत दोन पाने त्यासाठी राखून ठेवण्यास संपादकांना मी आजच सांगितले आहे.